कच्चा कैदी, त्याचा जामीन आणि समाजाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चांदूर बाजार येथे दिलेले व्याख्यान)



ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून साधारणतः विद्यार्थ्यांचे वसतिगृह, शिष्यवृत्त्या, सामुदायिक विवाह अशा विषयांचा परामर्श घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. अशा मंगल प्रसंगी तुरुंग, पोलीस ठाणे आणि जामीन हे शब्द उच्चारणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु चिटणीसमहाशयांनी मला माझ्या व्यवसायाविषयीच बोलण्याचा आग्रह केला. आणि अटकेत असलेल्या माणसाच्या नागरिक या नात्याने असलेल्या हक्कांसाठी न्यायालयात उभे राहणे, हाच माझा व्यवसाय. तेव्हा विषयाच्या निवडीचा दोष चिटणिसांचा आणि मांडणीतील उणिवा माझ्या, असे समजून आपण मला थोडा वेळ द्यावा, अशी विनंती करतो.

आमच्या व्यवसायातील माणसाला घरी, दारी, लग्नसमारंभात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "वकीलसाहेब, चोराचिलटांची बाजू तुम्ही का घेता?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या विहिरीवरील मोटारपंप रातोरात नाहीसा झाला, ज्याच्या बगीच्यातील तोडणीला आलेला संत्रा कोणी उतरवून नेला, त्याने हा प्रश्न विचारू नये तर कोणी विचारावा? पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, जो पकडला गेला तो चोरच होय. कायदा असे मानीत नाही. गुन्हा शाबीत होईपर्यंत तो केवळ आरोपी असतो, आणि तुरुंगात ठेवला तरी त्याला कच्चा कैदी म्हणतात. शिक्षा झालेला तो पक्का कैदी. हा कच्च्यापक्क्याचा भेद आपल्या भाषेत रूढ आहे. आपल्या मनात मात्र तो अजून रुजलेला नाही.

आता थोडी आकडेवारी ऐकावी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील तुरुंगांत एकूण ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगातील दर चार माणसांपैकी तिघांचा गुन्हा अद्याप कोणत्याही न्यायालयाने शाबीत केलेला नव्हता. तुरुंग हे शिक्षा भोगण्याचे ठिकाण आहे अशी आपली समजूत. वस्तुतः ते मुख्यत्वे वाट पाहण्याचे ठिकाण झाले आहे.

वऱ्हाडच्या माणसाला तुरुंगाची एवढी धास्ती असण्याचे कारण नव्हते. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा आपल्या अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे हे आपली भरभराटीची वकिली बाजूस ठेवून विलायतेस गेले, आणि मित्राच्या सुटकेसाठी सुमारे दोन वर्षे तेथे खटपट करीत राहिले. १९४२ च्या आंदोलनात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी नागपूर व रायपूर येथील तुरुंगवास भोगला. त्या काळी तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला लोक हार घालीत. हे हार अर्थातच देशभक्तीसाठी होते, प्रत्येक कैद्यासाठी नव्हेत, हे मी जाणतो. पण एक तत्त्व त्या पिढीला पक्के उमगले होते. सरकारने एखाद्याला पकडले, एवढ्यावरून तो वाईट ठरत नाही. परके सरकार गेले आणि आपले सरकार आले, म्हणून हे तत्त्व बदलत नाही. किंबहुना राज्यघटनेच्या एकविसाव्या व बाविसाव्या अनुच्छेदांत ते आपणच आपल्यासाठी लिहून ठेवले आहे. कायद्याने ठरविलेल्या रीतीवाचून कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. अटक केलेल्यास कारण सांगितले पाहिजे. त्याला वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे.

घटनेतील ही वाक्ये आपोआप तुरुंगाच्या भिंतीआड पोहोचली नाहीत. ती एकेका खटल्याने पोहोचविली, आणि त्यांपैकी कितीतरी खटले आपल्या महाराष्ट्रातले आहेत. प्रभाकर संझगिरी हे राजकीय कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत एक पुस्तक लिहिले. ते छापण्यासाठी बाहेर पाठविण्यास सरकारने परवानगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि स्थानबद्धतेच्या अटींत जे निर्बंध घातलेले नाहीत ते सरकारला मनास येईल तसे लादता येणार नाहीत, असा निर्णय झाला. माणूस कोंडला तरी त्याचे सर्व हक्क कोंडले जात नाहीत, हे यातून निष्पन्न झाले.

१९७८ चा होसकोट खटला येरवड्याशी निगडित आहे. एका शिक्षित माणसाला उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली. निकालाची प्रत तुरुंगाकडे पाठविल्याचे सांगण्यात आले. ती आपल्या हाती पडलीच नाही, असे कैद्याचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयात अर्ज पोहोचेपर्यंत शिक्षा भोगून संपलेली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या खटल्यात सांगितले की, निकालाची प्रत कैद्याला विनामूल्य व त्वरित मिळाली पाहिजे, ती दिल्याची त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि वकील देण्याची ज्याची ऐपत नाही त्याला सरकारने वकील दिला पाहिजे. आमच्या व्यवसायात मोठमोठी भाषणे क्वचितच होतात. एखादा कागद योग्य दिवशी योग्य माणसाच्या हाती पडला की नाही, यावर माणसाची तीन वर्षे अवलंबून असतात.

माताभगिनी येथे बहुसंख्येने उपस्थित आहेत, म्हणून आणखी दोन प्रकरणे सांगतो. १९७२ मध्ये, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुंबईच्या तुरुंगात त्या पंधरा स्त्री-कैद्यांना भेटल्या होत्या, आणि त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. स्त्रियांसाठी वेगळी कोठडी असावी, तेथे स्त्री-पोलीस असाव्यात, अटक झालेल्याचे हक्क मराठीतही लिहून कोठडीत लावावेत, असे आदेश या प्रकरणात निघाले.

हे ऐकून कोणी असे समजू नये की, मी पोलिसांचा द्वेष्टा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले पोलीस दलात आहेत. सण असो, सभा असो, निवडणूक असो, सारे जग घरी असते तेव्हा शिपाई रस्त्यावर उभा असतो. शिवाय कैद्यांच्या हक्कांचा या देशातील एक थोर कैवारी पोलीस अधिकारीच होता, आणि तो आपल्या विदर्भातला होता. खुस्रो रुस्तमजी हे कामठीचे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पोलीस सेवेत त्यांची उमेदवारी झाली. पुढे सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले प्रमुख झाले. निवृत्तीनंतर त्यांनी बिहारमधील तुरुंग पाहिले. ज्या गुन्ह्यासाठी पकडले त्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ केवळ चौकशीची वाट पाहत कोंडलेली माणसे त्यांना तेथे आढळली. त्यांनी याविषयी वृत्तपत्रात लिहिले. ते लेख वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील भगिनीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यातून हजारो कच्च्या कैद्यांच्या सुटकेचा मार्ग खुला झाला. कायद्याने चालणारा पोलीस आणि कायद्याने भांडणारा वकील हे एकमेकांचे वैरी नसून एकाच गाडीचे दोन बैल आहेत, असे मी मानतो.

आता ज्ञातिमंडळाशी या विषयाचा काय संबंध, या मुद्द्याकडे वळतो. संबंध दोन आहेत.

पहिला संबंध जातीचाच आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि जन्माला आलेले मूल केवळ जन्मामुळे संशयित ठरू लागले. आपल्या वऱ्हाडातील पारधी बांधवांच्या कपाळी आलेला हा शिक्का १९५२ साली कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला. लोकांच्या जिभेवरून तो अजून गेलेला नाही. गावात चोरी झाली की प्रथम कोणाच्या पालाकडे बोट दाखविले जाते, हे आपण सारे जाणतो. २००३ साली नाशिकजवळ घडलेल्या एका भीषण दरोड्याच्या व खुनांच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा गरीब मजूर पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोपर्यंत सोळा वर्षे गेली होती. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण आपण विनोदाने वापरतो. तिच्यातला विनोद या सहा घरांनी कसा अनुभवला असेल, याचा विचार करावा. आणि खरे गुन्हेगार मोकळेच राहिले, म्हणजे ज्या कुटुंबातील माणसे मारली गेली त्यांनाही न्याय मिळाला नाही. निरपराध्याला गोवणारा तपास फिर्यादीचेही नुकसानच करतो.

तुरुंगाच्या भिंतीआडही जात पोहोचलेली होती. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत झाडलोट कोणी करावी आणि स्वयंपाक कोणी करावा, हे जातीवरून ठरविलेले होते. सुकन्या शांता या पत्रकार भगिनीच्या अर्जावरून ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरविले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. ज्ञातीचे मंडळ चालविणाऱ्या आपणा सर्वांना या निकालाने एक प्रश्न विचारला आहे. आपली संघटना परस्परांना हात देण्यासाठी आहे की दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी? पहिले उत्तर खरे असेल तर ते कृतीने दाखविण्याची एक संधी मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

दुसरा संबंध आहे सातबाऱ्याचा. आणि माझ्या भाषणाचा खरा मुद्दा हाच आहे.

न्यायालयाने जामीन मंजूर केला म्हणजे माणूस सुटला, अशी समजूत आहे. तसे नसते. न्यायाधीश लिहितात की, अमुक हजारांच्या जातमुचलक्यावर आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार दिल्यावर आरोपीस सोडावे. मग जामीनदार शोधावा लागतो. तो ओळखीचा हवा, त्याच्या नावे शेत किंवा घर हवे, सातबारा किंवा तहसीलचे ऐपत प्रमाणपत्र हवे, आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्याने न्यायालयात येऊन सही केली पाहिजे. ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही, ज्याचे सारे नातलग त्याच्यासारखेच मजूर, त्याला असा माणूस कोठून मिळावा? संत्रातोडीसाठी मेळघाटातून आलेला एक मजूर किरकोळ चोरीच्या संशयावरून धरला गेला होता. जामीन मंजूर झाला, रक्कम पंधरा हजारांची होती, आणि तरीही तो पुढे दोन महिने आतच राहिला; कारण सही करणारे कोणी नव्हते. अखेर ज्यांच्या बगीच्यात तो काम करी, त्या शेतकऱ्याने सातबारा आणला आणि सही केली. त्याच सायंकाळी तो सुटला. दोन महिने कायद्याने त्याला कोंडले नव्हते. एका सहीच्या अभावाने कोंडले होते.

यावर कायद्याने उपाय केले नाहीत असे नाही. १९५६ पर्यंत आपण ज्या राज्यात होतो त्या मध्यप्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागण्यात आला, आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारण्यात आला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले आणि गरिबाला न झेपणारा जामीन मागू नये असे बजावले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पूर्वी कधीही कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यांतून वगळले आहेत. अटकेत असलेल्या कोणाही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवण्याजोगा आहे. परंतु कायदा वकील देऊ शकतो, सूट देऊ शकतो. शेजारी देऊ शकत नाही. जामीनदार हा शेजाऱ्याचाच दुसरा अवतार आहे.

आपल्या समाजात जमीनधारक कुटुंबे पुष्कळ आहेत. म्हणून मंडळापुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, मंडळाने स्वेच्छेने पुढे येणाऱ्या दहा जमीनधारक सभासदांची एक यादी करावी, त्यांचे कागदपत्र तयार ठेवावेत, आणि तालुका विधी सेवा समितीला ती यादी कळवावी. किरकोळ गुन्ह्यातील ज्या गरिबाचा जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अडला असेल, त्याच्यासाठी यांतील कोणी उभे राहावे. दुसरी सूचना अशी की, कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवावे. तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड आहे. ज्या घरातील मुलगा कोठडीत गेला त्या घराशी बोलणे थांबवू नये, त्याच्या बहिणीची सोयरीक मोडू नये. न्यायालयाचा निकाल लागण्यापूर्वी ज्ञातीने आपला निकाल लावू नये.

यावर आक्षेप येतील. आरोपी पळाला तर जमीन जाईल काय, असे विचारले जाईल. सही केल्याने जमीन कोणाच्या नावे होत नाही. आरोपी तारखेला न आल्यास न्यायालय जामीनदाराला नोटीस काढते, त्याचे म्हणणे ऐकते, आणि मुचलक्यातील रकमेपुरतीच जबाबदारी येऊ शकते. विश्वास उडाला तर जामीनदाराला अर्ज करून मोकळेही होता येते. धोका मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. जेथे यत्किंचितही धोका नाही तेथे उपकारही नाही. म्हणूनच यादी दहा जणांची असावी आणि एकावर भार पडू नये.

दुसरा आक्षेप असा की, खरोखरच अपराधी असेल तर? तो अपराधी आहे की नाही हे ठरविण्याचे काम न्यायाधीशांचे. आपण जामीन राहतो तो न्यायाधीशांनी सारे पाहून जामीन मंजूर केल्यानंतर. जामीन म्हणजे सुटका नव्हे. तारखेला हजर राहण्याचे ते वचन आहे. आरोपी बाहेर राहिला म्हणजे त्याची मजुरी चालते, मुले शाळेत जातात, आणि खटलाही चालतो. गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा टळत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो. आपल्या ज्ञातीतील माणसासाठी ठीक, परक्यासाठी आपण का सही करावी? याचे उत्तर व्यवहाराचे आहे. आपला मुलगा पुण्यात शिकतो, मुंबईत नोकरी करतो, सुरतेस व्यापार करतो. तेथे भलत्याच प्रकरणात तो गोवला गेला तर आपल्या ज्ञातीचा माणूस तेथे कोठून सापडणार? तेथील कोणा अनोळखी माणसाने पुढे यावे अशीच आपली इच्छा राहील. आपल्या गावी आपण ज्याला परका म्हणतो, तो त्याच्या आईला परका नसतो.

विद्यार्थीमित्रांना जाता जाता एवढेच सांगतो. कधी पोलीस ठाण्यात जाण्याचा प्रसंग आला तर घाबरून पळू नये आणि उर्मटपणाही करू नये. अटकेचे कारण विचारावे; अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, नातलगास खबर आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हे नियम १९९६ च्या डी. के. बसू निकालाने घालून दिलेले आहेत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आवश्यकता नसताना अटक करू नये, नोटीस द्यावी, असे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे. आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण मुलांना शिकवीत आलो. ज्याला भांडण टाळता येते त्याच्यासाठी ती योग्यच आहे. पण ज्याला हातकडीत तेथे नेले जाते, त्याला पायरी चढावी की न चढावी हे ठरविता येत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी शहाण्याने ती पायरी चढली पाहिजे. जामीनदारांच्या यादीचा कागद आज सभामंडपाच्या दाराशी ठेवावा, अशी विनंती मी चिटणिसांना केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. वर दहा ओळी आखलेल्या आहेत. पहिल्या ओळीवर मी माझे नाव लिहिले आहे. उरलेल्या नऊ आपल्या आहेत.